पन्नास कोटी वर्षांची पत्ताकोबी

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चर्चची भिंत चाटत होते.

ऑगस्टचा महिना होता. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात येऊन मला चारच दिवस झाले होते. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं. कॅम्पसची बस चुकली म्हणून मी आणि माझी रूममेट चालत निघालो होतो. वाटेत एका जुन्या दगडी चर्चच्या भिंतीला तोंड लावून पन्नाशीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट नीट खोचलेला एक भारतीय माणूस उभा दिसला. त्याने जिभेने दगडाचा रुपयाएवढा तुकडा ओला केला, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग डोळ्याला लावलं आणि समाधानाने मान हलवली.

"अय्या," माझ्या तोंडून निघालं.

"पुण्याची काय?" मागे वळूनही न पाहता तो माणूस म्हणाला.

मी उत्तर देणार तेवढ्यात फुलझाडांना पाणी घालणारी एक गोरी आजी झारी घेऊन आमच्याकडे आली. आता हिने पोलीस बोलावले तर आपण याच्या सोबतचे नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करू लागले. आजीने त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "चव कशी आहे?"

"चव काही नाही, मॅडम. कोरड्या दगडात चित्र दिसत नाही, म्हणून ओला केला. पाण्याची बाटली गाडीत राहिली. तुमची झारी देता का?"

झारी मिळाली. काकांनी भिंतीचा एक मोठा चिरा वरपासून खालपर्यंत भिजवला आणि करड्या दगडात एकेक रेषा वर आली. पातळ, वळणदार, एकात एक बसलेल्या. सुरीने मधोमध चिरलेली कोबी असावी तशी.

"पन्नास कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता," काका तिला म्हणाले. "उथळ अन् गरम. तळाशी डोळ्यांना न दिसणारे जीव राहत. त्यांचा चिकट थर पसरायचा, त्यावर गाळ बसायचा. गाळाखाली उजेड मिळत नाही, म्हणून ते लोक वर सरकायचे, नवा थर धरायचे. पुन्हा गाळ, पुन्हा ते लोक वर. असं करत करत हे घुमट झाले. तुमचं चर्च त्यांनी बांधलंय."

आजी म्हणाली की ती चाळीस वर्षं या भिंतीजवळून जाते आहे. मग तिने चष्मा पुसला आणि काकांचं भिंग मागितलं. पुढच्या महिन्यात त्या चर्चच्या रविवारच्या शाळेत काकांनी मुलांसमोर भाषण केलं, हे मला नंतर कळलं.

या दगडांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. काका तो शब्द इंग्रजीत बोलतानाच वापरत. मराठीत ते 'पत्ताकोबी' म्हणत, आणि ज्या सूक्ष्म जीवांनी ती घडवली त्यांना 'ते लोक'. "ते लोक फार कामसू होते बाप्पा. हात नाही, पाय नाही, डोळे नाही, तरी बांधकाम थांबवलं नाही." हे ते अशा सुरात सांगत, की जणू मागच्या गल्लीतल्या कुटुंबाविषयी बोलताहेत.

काका प्रोफेसर नव्हते. भूशास्त्राच्या इमारतीच्या तळघरात दगड कापायचं वर्कशॉप होतं, तिथले ते टेक्निशियन. दगडाचा काप काचपट्टीवर चिकटवून तो इतका पातळ घासायचा, की त्यातून उजेड आरपार जावा, हे त्यांचं काम. चंद्रपूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीजवळच्या वस्तीत त्यांचं लहानपण गेलं. वडील खाणीत दगड फोडत. काका नागपूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा वडील गेले, शिक्षण सुटलं आणि त्याच कॉलेजात ते प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागले. तिथे पाहुणा म्हणून आलेल्या एका अमेरिकन प्राध्यापकाने त्यांनी घासलेले काप पाहिले, आणि वर्षभरात काका इथे आले. तेव्हापासून ते तळघरात होते.

हिवाळा लागला तशी मी दुपारचा डबा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. वरच्या मजल्यावर मी हवामानाचा अभ्यास करत होते. म्हणजे खिडकी नसलेल्या खोलीत संगणकासमोर बसत होते. तळघरातही खिडकी नव्हती, पण काका होते. आत शिरलं की आधी डोळ्यांना गॉगल लावावा लागे, मग बोलायला परवानगी. कोणी काप लवकर मागितला तर ते करवत बंद करून शांतपणे म्हणत, "यानं पन्नास कोटी वर्षं काढली. तू दहा मिनिटं काढ."

त्यांच्या गाडीची मागची डिकी कायम दगडांनी भरलेली असे. गाडी मागून इतकी दबलेली, की दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत. आमच्या गावात तेव्हा भारतीय दुकान जेमतेम एक, आणि विमानतळावर नव्या मराठी मुलांना आणायला जाणारी माणसं दोन-तीन. काका हौसेने जात. पण डिकीतले दगड निघत नसत. मुंबईहून आलेला पोरगा दोन बॅगा मांडीवर आणि एक डोक्यावर घेऊन तीन तास बसून येई. "बर्फात तुमची गाडी घसरते ना? माझी घसरली कधी?" असं काका विचारत, आणि हे खरंच होतं. वाटेत डोंगर फोडून काढलेला रस्ता लागला की इंडिकेटर लावून ते गाडी बाजूला घेत. वीस तास विमानात काढलेल्या त्या पोराला मग महामार्गाच्या कडेला उभं राहून वाऱ्यात पत्ताकोबी पाहावी लागे.

काकू विद्यापीठाच्या लायब्ररीत होत्या. त्यांना या सगळ्याची सवय झाली होती. एकदा चौदा एप्रिलला त्यांच्या घरी आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि काकूंनी सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचं, ताट फिरवताना गोष्ट काढली. "यांनी लग्नात एक पैसा घेतला नाही. सगळे म्हणाले, काय जावई मिळाला. जेवणं झाली अन् हे माझ्या वडिलांना म्हणतात, तुमचा उंबरठा देता का? त्यात पत्ताकोबी आहे."

"दिला का?" कोणीतरी विचारलं.

"दिला ना. आता माहेरी गेली की मी लाकडावरून आत जाते."

काका मान खाली घालून हसत राहिले. तो उंबरठा फ्रिजशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला होता. काकू त्यावर रोज ओलं फडकं फिरवत. पुसायला म्हणून, असं त्या म्हणायच्या.

माझ्यावर वेळ आली ती दुसऱ्या वर्षी.

पीएच.डी.ला पुढे जाऊ देतात की नाही, हे ठरवणारी एक परीक्षा असते. चार प्राध्यापकांसमोर आपला विषय मांडायचा. नाही जमलं तर मास्टर्सची डिग्री घेऊन घरी. माझा विषय होता आमच्या खोऱ्याचं तापमान. टेकड्या, दऱ्या आणि शेतं मिळून आसपासची हवा कशी ठरवतात. खोऱ्यात आठ-दहा ठिकाणी तापमान नोंदणारी यंत्रं होती. त्यातलं एकच यंत्र भलतेच आकडे देई. गावाच्या पश्चिमेला 'बॅरन्स' नावाचं खुरट्या ओकचं आणि झुडपांचं रान होतं, तिथलं. गावात सुखद गारवा असला की ते हिवाळा दाखवी. उन्हाळ्यात तर फारच. मी ते यंत्र नादुरुस्त ठरवलं, त्याचे आकडे काढून टाकले आणि बाकीच्यांवर छान गुळगुळीत नकाशा बनवला. माझे गाईड उंच, मितभाषी गृहस्थ होते. त्यांना नकाशा आवडला. परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

हे मी डबा खाता खाता काकांना सांगितलं. खूश होऊन सांगितलं.

काकांनी करवत बंद केली. "यंत्र खराब आहे, हे कोणी सांगितलं?"

"आकड्यांवरून दिसतंच ना काका."

"तू तिथं गेली होती?"

"नाही."

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी करवत पुन्हा सुरू केली.

शनिवारी पहाटे आमच्या अपार्टमेंटखाली हॉर्न वाजला. जूनचा पहिला आठवडा होता, मी अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर खाली उतरले. काका कानटोपी घालून बसले होते. मागच्या सीटवर काकूंनी पाठवलेला स्वेटर आणि शाल होती.

"काका, जून आहे."

"हो. घाल."

उजाडता उजाडता आम्ही बॅरन्समध्ये पोचलो. पाऊणएक किलोमीटर आत चालत गेलो. जमीन हळूच उतरत एका मोठ्या, पसरट वाडग्यासारख्या खोलगट जागेत गेली, आणि तिथे माझे पाय थांबले. नेच्यांची नवी पानं पांढरी झाली होती. गवताच्या पात्यापात्यावर हिमकण होते, बुटाखाली करकर वाजत होते. निघताना गावात लोकांनी खिडक्या उघड्या ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या, आणि गाडीने दहा मिनिटांच्या अंतरावर इथे तोंडातून वाफ निघत होती. काकांनी खिशातून थर्मामीटर काढून माझ्या हातात दिला. पारा शून्याच्या खाली होता.

कोपऱ्यात माझं नादुरुस्त यंत्र होतं. तेही तेच सांगत होतं.

मी शाल डोक्यावरून घेतली आणि गवतात बसले. तीन आठवड्यांनी मी चार प्राध्यापकांसमोर उभी राहणार होते, आणि माझा नकाशा खोटा होता. काकांनी मला बसू दिलं. मग खिशातला जेवणाचा चमचा काढून जमीन उकरली आणि माझ्या तळव्यावर माती ठेवली.

"काय आहे?"

"वाळू."

"ओली का कोरडी?"

"कोरडी. परवाच पाऊस झाला तरी."

"आता हे पाह्य." त्यांनी शेजारचा मुठीएवढा दगड पाण्याच्या बाटलीने भिजवला. त्यात पत्ताकोबी होती, आणि तिच्या थरांमध्ये वाळूचे कण चमकत होते. "ते लोक समुद्रात घर बांधत होते तेव्हा लाटांनी वाळूही आणून टाकली. सगळ्याचा मिळून दगड झाला. मंग समुद्र गेला, डोंगर उठले, झिजले. पावसाचं पाणी थोडं आंबट असते. दगडातला चुना विरघळून गेला. काय उरलं?"

"वाळू."

"वाळू पाणी धरत नाही. पाणी नाही म्हणून ऊब धरत नाही. आकाश मोकळं असलं, वारा पडला, की दिवसभराची ऊब वर निघून जाते. जवळ साठवलेलं काहीच नाही. अन् गार हवा जड असते, ती या वाडग्यात येऊन बसते. गावाखाली चुनखडी आहे, माती चिकट आहे, ती ऊब धरून ठेवते. तिथं उन्हाळा अन् इथं हिवाळा." त्यांनी दगड माझ्या मांडीवर ठेवला. "यंत्र चांगलं आहे पोरी. तू काहून त्याला खोटं पाडून राहिली?"

मला रडू यायचं ते हसू आलं. समुद्राच्या तळाशी उजेडासाठी धडपडलेल्या त्या जीवांमुळे आणि त्यांच्यावर येऊन पडलेल्या वाळूमुळे पन्नास कोटी वर्षांनी माझ्या नाकाचा शेंडा बधिर झाला होता.

"पण तुम्हाला हे कसं कळलं?"

"दगड गोळा करायला येतो ना. पायाला थंडी वाजायची. म्हटलं, लिहून ठेवू." आणि त्यांनी कोटाच्या आतून शाळेच्या वह्यांसारख्या तीन वह्या काढल्या. अकरा वर्षांच्या पहाटा. तारीख, आकाश, वारा, वाडग्यातलं तापमान, वरच्या कडेवरचं तापमान. सगळे आकडे मराठीत, रेघा फूटपट्टीने आखलेल्या. हिमकण दिसले त्या दिवसापुढे एक बारकी पत्ताकोबी काढलेली.

सोमवारी मी गाईडच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं, की माझा नकाशा चुकला आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वह्या उलटसुलट करून पाहिल्या.

"हे कोणते आकडे आहेत?"

"मराठी."

"हा किती?"

"सात."

"हे कोणी लिहिलं?"

"त्यांचं वर्कशॉप याच इमारतीत आहे. तळघरात."

त्यांनी वही मिटली. मग उठले आणि म्हणाले, "मला घेऊन चल."

आम्ही खाली गेलो. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दाराजवळच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. गाईडनी निमूट गॉगल लावला. मी क्लासला जायचं म्हणून निघाले. तासाभराने परत आले तर दोघं एकाच बाकावर डोकी जोडून बसले होते, आणि गाईड मराठीत एक ते नऊ लिहायला शिकत होते. पाच आणि सहा यांच्यात त्यांचा सारखा घोळ होत होता.

परीक्षेत मी चुकीचा नकाशा आधी दाखवला आणि मग बरोबर असलेला. का चुकले, ते सांगितलं. चौघांनी मला दोन तास पिळलं आणि पास केलं. त्या संध्याकाळी काकूंनी पाटवड्यांचा रस्सा केला.

पण मला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या ऑक्टोबरबद्दल. विभागात दर शुक्रवारी व्याख्यान होई. माझा नंबर आला तेव्हा मी पहिल्या पानावर दोन नावं लिहिली, माझं आणि काकांचं. गाईडनी पान पाहिलं आणि नुसतं स्पेलिंग तपासलं. काकांनी पाहिलं तेव्हा मात्र ते गडबडले.

"मी येत नाही. माझं काम खाली आहे."

"काका, वह्या तुमच्या आहेत."

"वह्या घेऊन जा. वह्यांना बोलता येतं."

शेवटी काकूंनी त्यांना आणलं. लग्नातला टाय, वर स्वेटर. ते सगळ्यात मागच्या रांगेत दाराजवळ बसले. काकू लायब्ररीतून सुट्टी घेऊन शेजारी बसल्या, बहुधा ते पळू नयेत म्हणून.

माझं बोलून झालं. मग पुढच्या रांगेतले एक वयस्कर प्राध्यापक उठले. माती या विषयातलं त्यांचं नाव फार मोठं. त्यांनी विचारलं, "वाळूमुळे थंडी पडते हे मान्य. पण चुनखडीच्या खोऱ्यात मुळात एवढी वाळू आली कुठून?"

उत्तर मला पाठ होतं. मी देऊ शकले असते. "याचं उत्तर ज्यांनी शोधलं ते मागे बसले आहेत," मी म्हणाले.

शंभर माना वळल्या. काका जागेवरच बसून होते. काकूंनी त्यांच्या पाठीला हात लावला, आणि काका उठले. मधल्या वाटेने येताना ते वाटेतल्या लोकांना 'सॉरी, सॉरी' म्हणत होते, कोणाचाही धक्का लागलेला नसताना. फळ्याजवळ आले, खडू घेतला, आणि लाटांची एक रेघ काढली. तिच्याखाली एक घुमट. घुमटात थर.

त्यांचं इंग्रजी साधं होतं. वाक्यं लहान. पहिली दोन मिनिटं आवाज कापत होता. मग ते त्या लोकांपर्यंत पोचले, तळाशी राहणाऱ्या, कामसू, आणि आवाज कापायचा थांबला. त्यांनी समुद्र भरला आणि उपसला, डोंगर उचलले, पाऊस पाडला, चुना विरघळवला. खिशातून दगड काढून पहिल्या रांगेत दिला, तो हातोहात मागे गेला. पाच वाजून गेले. शुक्रवार होता, तरी कोणी उठलं नाही. वयस्कर प्राध्यापकांनी दुसरा प्रश्न विचारला, मग तिसरा, आणि लिहून घेण्यासाठी शेजाऱ्याकडे कागद मागितला. काकू मागे बसून एकट्याच हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे नाश्त्याला गेले. काकूंनी पोहे केले होते, वर तर्री. काकांनी चंद्रपूरला थोरल्या भावाला फोन लावला होता. तिकडे संध्याकाळ होत होती. हे भाऊ वडिलांच्या मागे त्याच खाणीत लागले आणि तिथूनच रिटायर झाले, असं काकूंनी मला हळूच सांगितलं. फोन शेजारच्या घरी, त्यामुळे ते येईपर्यंत थांबावं लागलं. आवाज नीट येईना म्हणून काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, काल मी कॉलेजात भाषण दिलं."

"कोणापुढं?" तिकडून खरखरत आवाज आला.

"प्रोफेसर लोकांपुढं. शंभर एक होते."

"कायचं भाषण?"

"दगडाचं. दगडाची माती कशी होते त्याचं."

भावाने तिकडे कोणाला तरी गप्प बसायला सांगितलं. मग, "ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं ना."

"सगळ्यायनं?"

"सगळ्यांनी. दादा, मी उभा होतो अन् ते सगळे बसले होते. लिहून घेऊन राहिले होते."

मग भाऊ तोंड बाजूला करून कोणाला तरी, बहुधा ज्यांचा फोन होता त्या शेजाऱ्यांना, मोठ्याने सांगताना ऐकू आले, "लिहून घेत होते म्हणते. प्रोफेसर लोक." आणि पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने, घराबाहेर ओट्यावर बसलेल्यांनाही ऐकू जावं असं, "लिहून घेत होते."

काका फोनकडे बघत हसत होते. काकूंनी गॅस बारीक केला आणि आणखी पोहे भिजवायला घेतले.